३५-एस सल्फेटचं शोषण: एसएलसी२६ए२ घातलेल्या आणि न घातलेल्या पेशींत फरकच दिसत नाही

पटल_२९३ यांचा प्रश्न

एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींची स्थिर लाइन आहे, म्हणजे घातलेलं जनुक त्यांच्यात कायम टिकतं. त्यात माणसाचं एसएलसी२६ए२ घातलंय, म्हणजे डायस्ट्रॉफिक डिसप्लेशिया या हाडं-कूर्चेच्या आनुवंशिक आजारात बिघडतो तो सल्फेट वाहक. निवड जी४१८ या औषधावर (जनुक घेतलेल्या पेशीच त्यात तगतात), ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, आणि ते औषध पेशींवर कायम असतं. रिकामं प्लास्मिड असलेल्या पेशी आणि या पेशी यांच्या शोषणात फरक जवळजवळ नाही. डीआयडीएस या वाहक-रोधकानेही आकडे हलत नाहीत. एकाच प्लेटमधले तीन खण एकमेकांशी जुळत नाहीत, ते वेगळंच.

पद्धत अशी. २४ खणांची प्लेट, पेशी वाढवायचं माध्यम डीएमईएम, १० टक्के सीरम आणि पेन-स्ट्रेप ही प्रतिजैविकं. माध्यम ओढून काढायचं आणि लगेच २५० मायक्रोलिटर शोषण-द्रावण घालायचं. द्रावणात सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड १.८, मॅग्नेशियम क्लोराइड १, ट्रिस १० मिलिमोलर. पीएच एचसीएलने ७.४ केलेला. त्यात सोडियम सल्फेट ५० मायक्रोमोलर आणि खूण म्हणून ३५-एस, म्हणजे किरणोत्सारी गंधकाचं सल्फेट, १ मायक्रोक्युरी प्रति मिली. ३७ अंशांवर ३० मिनिटं, मग थंड पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट द्रावणाने) एकदा धुणं, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पेशी विरघळवून थेट किरणोत्सार मोजायच्या सिंटिलेशन द्रवात. डीआयडीएस १०० मायक्रोमोलर, पाण्यात आदल्या दिवशी करून ठेवलेला. वेस्टर्नला, म्हणजे जेलवर प्रथिन ओळखायच्या चाचणीला, ९५ अंशांवर उकळलेला नमुना खाचेतच अडकून बसतो.

शिवाय एक मूळ शंका आहे. क्लोराइड तर पेशीबाहेरच जास्त असतं. मग क्लोराइड बाहेर टाकून सल्फेट आत घेणारा वाहक चालतो तरी कसा? पुढे या जनुकातले रुग्णांत दिसणारे दोन बदल, आर२७९डब्ल्यू आणि फिनलंडमधला, असे दोन्ही याच पेशींत तपासायचे आहेत.

---

जमाखर्च यांचं उत्तर

वाहकाकडे नंतर वळू. आधी थंड, म्हणजे खूण नसलेल्या सल्फेटचा हिशोब करा, कारण तुमच्या द्रावणात ५० मायक्रोमोलर सल्फेट नाहीच.

डीएमईएममध्ये मॅग्नेशियम सल्फेट ०.८१ मिलिमोलर असतं. पेन-स्ट्रेपमधलं स्ट्रेप्टोमायसिन हे सल्फेटचं मीठ आहे, दोन रेणूंमागे तीन सल्फेट. नेहमीच्या १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीला त्यातून साधारण ०.२ मिलिमोलर येतं. खरा घोटाळा जी४१८ चा. तो डायसल्फेट म्हणून विकला जातो, रेणुभार ६९३. म्हणजे ५०० मायक्रोग्रॅमला ०.७२ मिलिमोलर औषध आणि १.४४ मिलिमोलर सल्फेट. सीरम सोडलं तरी माध्यमात एकूण २.४५ मिलिमोलर झालं.

आता माध्यम ओढून काढल्यावर खणाच्या कडेला २० मायक्रोलिटर राहिलं असं धरा, आणि एवढं सहज राहतं. त्यात ४९ नॅनोमोल सल्फेट आहे. तुम्ही वरून घालता ते २५० गुणिले ५०, म्हणजे १२.५ नॅनोमोल. खूण पाचपट पातळ झाली. एका खणात १० मायक्रोलिटर राहिलं आणि शेजारच्यात ३० राहिलं, तर तीन खण जुळणार कसे? शिवाय रिकाम्या प्लास्मिडच्या पेशी जी४१८ शिवाय वाढवत असाल, तर तुलनाच बाद.

धुण्यातही हीच गोष्ट. १ मायक्रोक्युरी म्हणजे २२ लाख २० हजार डीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढी विघटनं. ५० मायक्रोमोलरला ती वाटली की एका नॅनोमोलमागे ४४,४०० डीपीएम पडतात. खणात ०.१ मिलिग्रॅम प्रथिन आणि शोषण ०.५ नॅनोमोल प्रति मिलिग्रॅम असलं, तर पेशींतून २,२२० डीपीएम मिळतील. शोषण-द्रावणाचा एक मायक्रोलिटर खणात राहिला तर त्याचेही बरोबर २,२२० डीपीएम. एका खणातल्या सगळ्या पेशींचं आतलं पाणी मिळून अर्धा-पाऊण मायक्रोलिटर भरतं. तेव्हा एकदा धुऊन तुम्ही पेशी मोजत नाही, खणाची कड मोजताय.

काय करायचं: प्रयोगाच्या आदल्या दिवशी जी४१८ आणि पेन-स्ट्रेप दोन्ही काढा, एका रात्रीत निवड सुटत नाही. पुढची लाइन हायग्रोमायसिन किंवा प्युरोमायसिनवर करा, त्यात सल्फेट नसतं. जेंटामायसिन मात्र टाळा, तेही सल्फेटच. प्रयोगाआधी सल्फेट नसलेल्या द्रावणाने दोन वेळा, नंतर बर्फगार द्रावणाने तीन वेळा एकेक मिलीने धुवा. एचईके पेशी धुताना उचकटून येतात, म्हणून खणाला आधी पॉली-लायसिन लावा. दर वेळी दोन खण 'शून्य वेळ'चे ठेवा: बर्फावर द्रावण घालायचं आणि लगेच धुवायचं. ते डीपीएम बाकी सगळ्यांतून वजा करा. आणि प्रत्येक खणात प्रथिन मोजा, पेशी मोजून भागणार नाही.

सोडियम हायड्रॉक्साइडचा नमुना सिंटिलेशन द्रवात तसाच घातला की रासायनिक चमक येते आणि आकडे उगाच फुगतात. तेवढ्याच एचसीएलने उदासीन करा, अंधारात काही तास ठेवा, मग मोजा. किंवा सरळ १ टक्का एसडीएस वापरा. ३५-एसचा अर्धायुकाल ८७.४ दिवस आहे, तेव्हा दोन महिन्यांपूर्वीच्या बाटलीवरचा आकडा आज लागू नाही.

---

आयनगाडा यांचं उत्तर

क्लोराइडची शंका रास्त आहे, आणि तुमचा प्रयोग फसण्याचं दुसरं कारणही तिच्यातच आहे.

एसएलसी२६ए२ ची देवाणघेवाण विद्युत्-उदासीन धरा, एका सल्फेटमागे दोन क्लोराइड. मग समतोलाला आतलं सल्फेट भागिले बाहेरचं सल्फेट हे आतलं क्लोराइड भागिले बाहेरचं क्लोराइड, त्याच्या वर्गाइतकं असतं. शरीरात बाहेर क्लोराइड ११० आणि आत ३० मिलिमोलर घेतलं, तर गुणोत्तर ०.०७. माणसाच्या रक्तद्रवात सल्फेट साधारण ०.३ मिलिमोलर, म्हणून आत जेमतेम २२ मायक्रोमोलर. कमी वाटतं, पण पेशीच्या पटलाचा ऋण विद्युत्दाब बघा: उणे ७० मिलिव्होल्टला द्विभारी ऋणायन नुसता झिरपून आत आला असता तर १.६ मायक्रोमोलरवरच अडकला असता. वाहकामुळे आतली पातळी दहापटीहून जास्त वर जाते.

आणि २२ मायक्रोमोलरवर गाडी थांबत नाही, कारण आत आलेलं सल्फेट शिल्लकच राहत नाही. एटीपी सल्फ्युरिलेज आणि एपीएस कायनेज ही दोन कामं एकाच प्रथिनात, पीएपीएसएसमध्ये, होतात आणि सल्फेटचं पीएपीएस, म्हणजे साखळ्यांवर चढवायला तयार रूप, बनतं. कूर्चेत यातलं पीएपीएसएस२ महत्त्वाचं. तिथून एसएलसी३५बी२ हा वाहक ते पेशीतल्या गॉल्जीत नेतो आणि ते काँड्रॉइटिन सल्फेट या कूर्चेतल्या शर्करा-साखळीवर चढतं. वाहक उतारावर चालतो तो या मोरीमुळे. मोरी तुंबवायची असेल तर सोडियम क्लोरेट, पण थोड्या मिनिटांच्या मोजणीला त्याची गरज नाही.

आता तुमचं द्रावण. बाहेर क्लोराइड १५५ च्या आसपास. आतलं ३० धरलं तर वर्ग केल्यावर ०.०३७. ५० मायक्रोमोलरच्या ०.०३७ पट म्हणजे १.९ मायक्रोमोलर. पेशींचं पाणी ०.६ मायक्रोलिटर, म्हणजे सगळ्या खणात मिळून साधारण ५० डीपीएम. वाहक कितीही घातलात तरी समतोल तोच राहतो. वाहकाने फक्त तिथे पोचायचा वेळ बदलतो, आणि ३० मिनिटांत साध्या पेशीही तिथे पोचतात. वर बाहेरचं क्लोराइड त्याच जागेसाठी भांडतं ते वेगळं.

म्हणून क्लोराइड काढा. सोडियम ग्लुकोनेट १४०, पोटॅशियम ग्लुकोनेट ५, मॅग्नेशियम ग्लुकोनेट १, ग्लुकोज १०, आणि पीएच राखायला हेपीस १०, सगळं मिलिमोलर. पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने आणा, एचसीएलने नाही. ग्लुकोनेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे कॅल्शियम ग्लुकोनेट १.८ घातलं तर मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि पेशी गोल होऊन सुटतात. ४ ते ५ मिलिमोलर घाला. मॅग्नेशियम सल्फेटची बाटली टेबलावरच ठेवू नका.

एक सापळा मात्र आहे. क्लोराइड नसलेल्या द्रावणात पेशी दहा-पंधरा मिनिटं 'रुळायला' ठेवल्या, तर त्यांचं आतलं क्लोराइड बाकीच्या वाटांनी निघून जातं. ज्याच्या बदल्यात सल्फेट घ्यायचं तेच संपतं. धुणं एका मिनिटात उरका आणि लगेच खूण घाला. वेळा १, २, ३ आणि ५ मिनिटं. रेष जिथवर सरळ आहे तिथवरचाच उतार खरा.

जाता जाता, कूर्चेबद्दल एक गंमत. तिथे ऋणभारित प्रोटिओग्लायकनमुळे भोवतालच्या पाण्यात ऋणायन कमी असतात. क्लोराइड समजा ०.७ पट झालं तर द्विभारी सल्फेट ०.४९ पट होतं. म्हणजे सल्फेट भागिले क्लोराइडचा वर्ग हे गुणोत्तर जसंच्या तसं राहतं, आणि एकास-दोन देवाणघेवाणीला ऊर्जेच्या हिशोबाने या कमतरतेची झळच लागत नाही. वेगाला लागेल, समतोलाला नाही.

---

नलिका_कोवळी यांचं उत्तर

डीआयडीएसबद्दल. त्याच्या दोन आयसोथायोसायनेट टोकांना अमाइन हवं असतं आणि ट्रिस हे अमाइनच आहे. १०० मायक्रोमोलर डीआयडीएस १० मिलिमोलर ट्रिसमध्ये म्हणजे एका रेणूसमोर शंभर गिऱ्हाइकं. पाण्यात रात्रभर ठेवलेला तर आधीच मोडलेला असतो. हेपीस वापरा, सीरम पूर्ण धुवा, डीएमएसओमध्ये त्याच दिवशी ताजा साठा करा, बाटलीला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा. एसएलसी२६ कुटुंबाला १०० मायक्रोमोलर बऱ्याचदा पुरत नाही, ५०० ते १००० पर्यंत जावं लागतं. तरी डीआयडीएसने थांबलं म्हणजे एसएलसी२६ए२ च, असं म्हणू नका. तो लाल पेशीतल्या बँड ३ लाही थांबवतो, आणि एचईकेचं स्वतःचं एसएलसी२६ए२ आहेच. रिकाम्या प्लास्मिडची वजाबाकी म्हणूनच टळत नाही.

वेस्टर्नचा नमुना उकळू नका. अनेक वेळा पटल ओलांडणारी प्रथिनं ९५ अंशांवर एकमेकांना चिकटून गोळा होतात, तोच खाचेत अडकतो. ३७ अंशांवर अर्धा तास पुरतो. पट्टी एकच रेघ नसून पसरट आली तर घाबरू नका, ती प्रथिनाला जोडलेल्या साखरेमुळे आहे. पीएनजीएज-एफ हे साखर तोडणारं विकर लावलं की खाली येऊन एकवटते.

सोडियमवर अवलंबून असलेला मार्गही वगळून बघा. एसएलसी१३ए१, म्हणजे एनएएस१, हा मूत्रपिंडाच्या समीप नलिकेत लघवीकडच्या ब्रश-बॉर्डर पटलात असतो. १९९३ मध्ये तो उंदराच्या मूत्रपिंडातून बेडकाच्या अंडपेशी वापरून सापडला. तीन सोडियमसोबत एक सल्फेट, म्हणजे फेरीमागे एक धनभार आत. सोडियम बाहेर दहापट आणि दाब उणे ७० मिलिव्होल्ट असेल तर १००० गुणिले १४, सुमारे १४,००० पट साठवण्याची ताकद त्याच्यात आहे. ती पूर्ण वापरली जात नाही, कारण दुसऱ्या बाजूने एसएलसी२६ए१ सल्फेट रक्ताकडे सोडत राहतो. डीआयडीएसने एनएएस१ थांबत नाही, थायोसल्फेट, सेलेनेट आणि मॉलिब्डेटने थांबतो. दोन कुटुंबं ओळखायची ही सगळ्यात स्वस्त खूण. सोडियम काढायचं तर एन-मिथिल-डी-ग्लुकामिन ग्लुकोनेट घ्या. कोलीन सहसा क्लोराइड म्हणून येतं, म्हणजे एक काढताना दुसरं आत.

मूत्रपिंडाचा पसारा किती आहे तेही बघा: रोज गाळलेला द्रव १८० लिटर, गुणिले ०.३, म्हणजे ५४ मिलिमोल सल्फेट गाळलं जातं. नेहमीच्या जेवणावर लघवीत साधारण २० मिलिमोल जातं, बाकीचं एनएएस१ परत घेतो. उंदरात हे जनुक काढलं की रक्तातलं सल्फेट घसरतं, वाढ खुंटते, झटके येतात. याच नलिकेत ऑक्झलेटचं एक चक्र फिरतं. एसएलसी२६ए६ क्लोराइड आत घेऊन ऑक्झलेट बाहेर टाकतो, ते ऑक्झलेट सल्फेटच्या बदल्यात परत आत येतं, आणि बाहेर पडलेलं सल्फेट एनएएस१ सोडियमसोबत ओढून आणतो. गोळाबेरीज केली तर आत जातं ते मीठ, सोडियम क्लोराइड. आतड्यात याच ए६ ची कामगिरी ऑक्झलेट बाहेर टाकण्याची, म्हणून तो नसलेल्या उंदरांना कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होतात.

ऑक्झलेट स्पर्धक म्हणून वापरणार असाल तर कॅल्शियम काढून टाका. मिलिमोलर कॅल्शियमपुढे ऑक्झलेटचे स्फटिक खणातच पडतात आणि 'रोध झाला' असं खोटंच दिसतं. तसंच पोटॅशियम चॅनेल बंद करायला बेरियम घालू नका. बेरियम सल्फेट खाली बसतं, आणि खूणही त्याच्याबरोबर.

---

जमाखर्च

वरच्या दोघांशी सहमत. फक्त थांबवायच्या थंड द्रावणात मी ५ मिलिमोलर खूण नसलेलं सल्फेट घालतो, पटलाला बाहेरून चिकटलेली खूण निघते.

---

आयनगाडा

मूत्रपिंडाच्या ब्रश-बॉर्डर पटलाच्या पुटिका (छोट्या पिशव्या) ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीवर धुताना ते ठीक. विनिमय करणाऱ्या वाहकाला मात्र बाहेर एकदम ५ मिलिमोलर सल्फेट दिलं, की आत गेलेली खूण त्याच्या बदल्यात बाहेर यायला लागते. शून्य अंशांवर हळू, पण तीनदा धुण्यात मिनिटभर जातंच. पीबीएसमधल्या क्लोराइडनेही हेच होतं. पेशींसाठी ग्लुकोनेटचं बर्फगार द्रावणच बरं, चिकटलेल्या खुणेचा बंदोबस्त 'शून्य वेळ'च्या खणांनी होतो.

---

पटल_२९३

जी४१८ हे सल्फेट आहे हे बाटलीवर ठळक लिहिलेलं होतं. पुढचा प्रश्न: आर२७९डब्ल्यू आणि फिनिश बदल याच पद्धतीने तपासता येतील ना? आणि क्षमता शून्य आहे की अर्धवट, हे सांगता येईल का?

---

संधिविग्रह यांचं उत्तर

आर२७९डब्ल्यूसाठी हो. फिनिश बदलासाठी या पद्धतीने अजिबात नाही.

फिनलंडमधला नेहमीचा बदल हा पहिल्या इंट्रॉनच्या (एमआरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या भागाच्या) सुरुवातीला, जोडणीच्या जागी आहे, आणि पहिला एक्झॉन (एमआरएनएत उरणारा भाग) प्रथिनाचा संकेत देतच नाही. त्या बदलामुळे एमआरएनए फार कमी बनतो, प्रथिन मात्र जसंच्या तसं असतं. तुमच्या प्लास्मिडमध्ये सीडीएनए, म्हणजे एमआरएनएवरून बनवलेली प्रत, आहे, त्यात इंट्रॉनच नाही. घालाल ते साधंच प्रथिन असेल आणि निकाल 'सर्वसाधारण' येईल. तो बदल बघायचा तर रुग्णाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशीतला एमआरएनए मोजा, किंवा इंट्रॉनसकट लहान जनुक-तुकडा बांधा.

आर२७९डब्ल्यू हा फिनलंडबाहेर सगळ्यात जास्त दिसणारा बदल. दोन्ही प्रतींत तोच असेल तर चित्र सहसा सौम्य असतं, बहु-एपिफायसियल डिसप्लेशियाचं. दुसऱ्या प्रतीत पुरता निकामी करणारा बदल असेल तर चित्र गंभीर होतं, आणि दोन्ही प्रती निकामी असतील तर अकाँड्रोजेनेसिस १बी, जो जगू देत नाही. म्हणजे मोजायची आहे ती उरलेली क्षमता, आणि १० आणि ३० टक्क्यांतला फरक दिसायला हवा. त्यासाठी स्थिर लाइन आणि घाईची तात्पुरती लाइन यांची सरमिसळ नको. बदललेलं प्रथिन पटलापर्यंत कमी पोचतं, की पोचून कमी काम करतं, हे वेगळं काढायला पृष्ठभागावर बायोटिन लावा, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनवर ओढा आणि शोषण त्या प्रथिनाने भागा. बायोटिनचं रसायन अमाइनवर चालणारं असेल तर इथेही ट्रिस नको, ते फक्त शेवटी प्रक्रिया थांबवायला. वेगवेगळ्या सल्फेट पातळ्यांवर, समजा २५ ते १००० मायक्रोमोलर, मोजा. नुसत्या ५० वर कमाल वेग घटला की पकड सुटली ते कळत नाही. पातळी वाढवताना ३५-एस तेवढंच ठेवलंत तर वरच्या टोकाला डीपीएम विरळ होतात. तिथे खूण चौपट करा.

फायब्रोब्लास्ट मिळाल्या तर ३५-एस सल्फेट आणि ट्रायटियम लावलेलं ग्लुकोसामिन एकत्र द्या आणि साखळ्यांवरचं दोन्हींचं गुणोत्तर बघा. पण माध्यमातलं सिस्टीन विसरू नका. सिस्टीन आणि मेथिओनीन यांचं पेशीत ऑक्सिडीकरण होऊन आतल्या आत सल्फेट बनतं. त्याला पटल ओलांडावंच लागत नाही आणि त्याच्यावर खूणही नसते. वाहक बिघडलेल्या पेशी याच्यावर जास्त विसंबतात, त्यामुळे ३५-एस आहे त्याहून कमी सल्फेटीकरण दाखवतं. खरं सल्फेटीकरण बघायचं तर साखळ्या काँड्रॉइटिनेजने तोडून द्विशर्करा एचपीएलसीवर मोजा.

आणि नावावरून वाहकाचा माल ठरवू नका. १९९४ मध्ये हे जनुक सापडलं तेव्हा सल्फेटचा माग बरोबर निघाला. १९९७ मध्ये पेंड्रिन, म्हणजे एसएलसी२६ए४, सापडलं तेव्हा नातेवाईक म्हणून तेही सल्फेट वाहत असेल असं धरलं गेलं. १९९९ मध्ये दिसलं की ते क्लोराइड आणि आयोडाइड नेतं. तुमच्या प्रयोगात एक खण क्लोराइड-३६ किंवा आयोडाइड-१२५ चा ठेवायला हरकत नाही, परवान्यात ते समस्थानिक असतील तर. भारतात एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे प्रत्येकाची नोंद वेगळी लागते, ३५-एस आहे म्हणून बाकीचे चालत नाहीत.

---

पटल_२९३

मग क्रम असा ठेवतो: उद्या जी४१८ काढून रात्रभर साधं माध्यम, ग्लुकोनेटचं द्रावण, १ ते ५ मिनिटं, शून्य-वेळेचे खण, डीआयडीएस ताजा ५०० मायक्रोमोलर हेपीसमध्ये. फिनिश बदल यातून वगळतो. १४० मिलिमोलर क्लोराइडचा एक संच शेजारी ठेवू का?

---

आयनगाडा

ठेवा. आणि मधले दोनही, २० आणि ६० मिलिमोलरचे, बाकी ग्लुकोनेटने भरून. बाहेरचं क्लोराइड वाढेल तसं शोषण उतरलं आणि रिकाम्या प्लास्मिडच्या पेशींहून अंतर कमी होत गेलं, तर मोजताय तो विनिमयच. तसं झालं नाही, तर पुन्हा खणाची कड बघा.